तोंड उघड

रायपूर नवीन राज्याची राजधानी झालं त्या हिवाळ्यात बाबांची बदली रायपूरच्या रायपुरातच झाली. जिल्ह्याच्या ऑफिसातून ते मंत्रालयात गेले, आणि मंत्रालय म्हणजे तेव्हा एका जुन्या दवाखान्याची इमारत होती. भोपाळहून ट्रक भरभरून फायली यायच्या आणि पूर्वी जिथे रुग्णांच्या खाटा होत्या तिथे रचल्या जायच्या. बाबा संध्याकाळी घरी यायचे ते कपाळ चोळतच. मी नववीत होतो. त्याच हिवाळ्यात माझं तोंड बंद व्हायला लागलं.

दुखत मुळीच नव्हतं. दुखलं असतं तर कुणाला तरी सांगितलं असतं. आधी जाम, म्हणजे पेरू, खाताना लक्षात आलं. अख्खा जाम दातांनी तोडायची सवय, तो दातांत बसेना. मग जांभई अर्ध्यात अडकायला लागली. जांभई पूर्ण न होणं ही काय चीज आहे ते ज्याला झालंय त्यालाच कळेल. आतून ती यायची, गळ्यापर्यंत यायची, आणि जबडा एका जागी जाऊन थांबायचा, कुणी दाराला आतून खुर्ची लावून ठेवावी तसा. डोळ्यांत पाणी यायचं आणि जांभई तशीच परत जायची.

शंकर नगरात आमच्या क्वार्टरजवळ शाळेतली पोरं गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खायला थांबायची. मी एक तोंडाशी नेला आणि तो आत जाईना. तोडून खाल्ला तर पाणी सगळं शर्टावर. ठेलेवाला म्हणाला, "भैया, गुपचुप तोड़ के कौन खाता है?" पोरं हसली, मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून पोट बिघडलंय असं सांगून मी घरी जायला लागलो.

आईनं पकडलं. मी पोळीच्या बारीक बारीक पट्ट्या करून, गुंडाळून, दातांच्या फटीतून आत सरकवत होतो. ती समोर बसून बघत राहिली.

"असा काहून खाऊन राहिला तू?"

"ऐसे ही।"

घरात आईबाबा मराठीत बोलायचे आणि मी हिंदीत उत्तरं द्यायचो. आमच्या वयाची सगळीच पोरं तसंच करायची.

"तोंड उघड बरं."

मी उघडलं. "अजून," ती म्हणाली. "हो गया," मी म्हणालो. तिला वाटलं मी मस्करी करतोय. मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि तिनं बाबांना हाक मारली.

बाबांनी मला खिडकीच्या उजेडात उभं केलं. आपली तीन बोटं एकावर एक धरून त्यांनी स्वतःच्या तोंडात घालून दाखवली. त्यांच्या ऑफिसात गुटखा खाणारे पुष्कळ होते, आणि तोंडात तीन बोटं उभी गेली पाहिजेत हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या तोंडात दोन गेली, ती पण दाबून. त्यांनी बोटं बाहेर काढली, रुमालाला पुसली आणि विचारलं, "कधीपासून खातो?"

मला खरंच प्रश्न कळला नव्हता. "क्या?"

"मले शिकवू नको. कधीपासून?"

सदर बाजाराच्या एका गल्लीत, सोनारांच्या दुकानांच्या वर, एक दातांचे डॉक्टर बसायचे. बाबा मला तिथे घेऊन गेले. डॉक्टरांनी खुर्ची मागे केली, दिवा तोंडावर आणला, चमच्यानं गाल थोडा बाजूला केला आणि हात धुवायला गेले. बेसिनपासूनच त्यांनी विचारलं, "कब से खा रहे हो बेटा?"

"मैं नहीं खाता।"

"सब यही बोलते हैं।" हे ते मला नाही, बाबांना म्हणाले. बाबांनी मान खाली घातली. मंत्रालयात साहेबांसमोरही बाबा मान खाली घालत नसत, हे मी त्यांच्याकडूनच पुष्कळदा ऐकलं होतं.

डॉक्टरांनी समजावलं की सुपारी आणि गुटख्यानं गालाच्या आतली कातडी कडक होते, दोरीसारखी ताठते, आणि तोंड बंद होत जातं. पुढे कॅन्सरही होऊ शकतो. उपाय एकच, खाणं बंद आणि दर आठवड्याला गालात आतून इंजेक्शन.

त्या दिवसापासून घरात माझी झडती सुरू झाली. दप्तर, कंपास, बुटांच्या आतली जागा, गादीखाली. आई माझा शर्ट धुवायला टाकण्याआधी नाकाशी न्यायची आणि मी बघतोय हे दिसलं की बादलीत टाकायची. शाळा सुटली की गेटवर बाबांची स्कूटर असायची. ऑफिस सोडून ते येतात, मला घरी टाकून परत जातात, आणि त्याचे बोल साहेबांकडून खातात, हे मला रोज ऐकावं लागायचं. मित्र सुटले. नवीन मित्र होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण वर्गात गुटख्याच्या पुडीवरून माझं नाव पाउच पडलं होतं.

मला सगळ्यात कठीण गेलं ते आईचं बोलणं. एका दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली, केसांतून हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाली, "मले सांग. मी बाबाले नाही सांगत. खाल्लं असंल तर खाल्लं, चूक होते माणसाची."

तिला पटावं म्हणून मी मराठीत बोललो. कितीतरी महिन्यांनी. "आई, मी कधीच नाही खाल्लं. शप्पथ."

तिनं ऐकलं. हात केसांतून काढला नाही, पण तो थांबला. मला तेवढ्यात कळलं की तिचा विश्वास बसला नाही. खाल्लं असतं तर दाखवायला पाउच तरी असतं. न खाल्लेलं कुठून काढून दाखवू? एक वेळ अशी आली की मी लहानपणापासूनच्या सगळ्या लग्नांतल्या पानदानी आठवून बघितल्या, कधी एखादी गोड सुपारी तोंडात टाकली होती का, जिच्यामुळे हे झालं असेल.

आता काकांबद्दल सांगतो. काका बाबांचे धाकटे भाऊ. सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या प्लांटमध्ये होते, लग्न केलं नव्हतं आणि प्लांटच्या बाजूच्या एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, खोली घेऊन राहायचे. दर रविवारी सकाळी आमच्याकडे यायचे. कितीही धुतलं तरी त्यांच्या कानांच्या मागे काळी पूड राहायचीच. येताना जिलेबी आणायचे, मला सायकलवर मागे बसवून फिरवायचे, आणि बाबा रागावले की मध्ये येऊन काहीतरी फालतू बोलून सगळ्यांना हसवायचे. आणि काका गुटखा खायचे. खूप खायचे. त्यांच्या शर्टाच्या खिशात पाउच नाही असा दिवस मला आठवत नाही.

म्हणजे बाबांना दोन आणि दोन जोडायला वेळ लागला नाही.

त्या रविवारी काका जिलेबीची पुडी घेऊन आत आले आणि बाबांनी बस म्हणायच्या आधीच त्यांच्या खिशात हात घातला. पाउच काढून टेबलावर टाकले. मग मला हाक मारली.

"कोणं दिला तुले?"

"किसी ने नहीं।"

"यानं दिला का?"

"नहीं बाबा। मैंने खाया ही नहीं है।"

"अजूनही खोटं!" बाबा उठले. त्यांनी मला तोवर कधी मारलं नव्हतं. हात वर गेला तेव्हा त्यांचा चेहरा मला मारणाऱ्या माणसाचा वाटलाच नाही, तो घाबरलेल्या माणसाचा होता. तरी हात खाली आला. कानावर बसला. मी रडायला लागलो, आणि रडतानाही जबडा तिथेच, तेवढाच, त्याच जागी अडकलेला. आवाज नाकातून निघत होता. दुसऱ्यांदा हात वर गेला आणि काका मध्ये आले.

"दादा, थांब. मीच दिला."

आईच्या हातातलं ताट ओट्यावर आपटलं.

"हव, मीच दिला. मजाकमध्ये दिला. मग त्याले सवय लागली. पोट्ट्याले नको मारू."

"काका झूठ बोल रहे हैं!" मी ओरडलो. म्हणजे ओरडायला गेलो. "बाबा, काका खोटं बोलून राहिले! त्यांनी मले कधीच नाही दिलं!"

"पाहा," बाबा म्हणाले, आईकडे बघून. "अजून वाचवून राहिला त्याले."

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. चपला घातल्या. बाबा म्हणाले, या घराची पायरी पुन्हा चढू नको. काका म्हणाले, बरं. आणि गेले. जिलेबी तशीच राहिली, आईनं ती संध्याकाळी बाहेर गायीला घातली.

तोवर माझ्याविरुद्ध नुसता संशय होता. काकांनी त्याचा पुरावा करून दिला. आता बोलायला जागाच नव्हती. मी बोललो की घरात सगळे थकल्यासारखे गप्प बसायचे. एकदा शाळेच्या फाटकाच्या पलीकडे, रस्त्याच्या त्या बाजूला, काका सायकल धरून उभे दिसले. बाबांची स्कूटर अजून आली नव्हती. त्यांनी हात हलवला. मी तोंड फिरवून फाटकाच्या आत गेलो आणि स्कूटरचा आवाज येईपर्यंत भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

इंजेक्शनं चालू झाली. सुई ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून गालात टोचायची, आधी एक गाल, मग दुसरा. माझं तोंड पुरेसं उघडत नाही म्हणून डॉक्टर एक लोखंडी चिमटा दातांमध्ये घालून तो फाकवायचे. दिवा डोळ्यांवर, बाबांचा हात माझ्या खांद्यावर. आधार द्यायला की धरून ठेवायला ते मी कधी विचारलं नाही. खुर्चीतून हलता येत नसे, बोलता येत नसे. गाल दगडासारखे सुजायचे आणि दोन दिवस मी वरणाचं पाणी प्यायचो. आठवड्याचे उरलेले दिवस पुढच्या वेळेची वाट बघण्यात जायचे. उन्हाळा आला, दहावी लागली, पाऊस होऊन गेला. तोंड उघडणं तर सोडाच, आणखी आवळत गेलं. डॉक्टर म्हणायचे, "चोरी छुपे अभी भी चल रहा है।" आणि घरी पुन्हा गाद्या उलटल्या जायच्या.

सुटका झाली ती एका किडलेल्या दाढेमुळे. दाढ मागची, दुखायला लागली ती थांबेचना, आणि सदर बाजारच्या डॉक्टरांचं अवजार तिथपर्यंत पोचेना. त्यांनीच सांगितलं, दातांच्या कॉलेजात न्या, तिथे मोठे डॉक्टर आहेत.

तिथे एक बाई होत्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांवर सारख्या खेकसणाऱ्या. बाबांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "मॅडम, गुटखे का केस है।" त्या म्हणाल्या, "वो मैं देखूँगी।"

त्यांनी दाढेला हातच लावला नाही. करंगळी माझ्या दातांच्या आणि गालाच्या मध्ये घातली आणि गाल आतून बाहेर ओढला. मग दुसरा. मग म्हणाल्या, जीभ बाहेर काढ. ती फटीतून जेवढी निघाली तेवढी निघाली. "मिर्ची खाने से जलता है?" मी मान हलवली, नाही. त्यांनी मला जबडा डावीकडे हलवायला सांगितला, मग उजवीकडे. मग कानासमोर दोन्ही बाजूंनी बोटं ठेवून तोंड उघडायला सांगितलं, आणि बोटं गालाच्या हाडाखाली सरकवून पुन्हा उघडायला सांगितलं. एका जागी त्यांचं बोट थांबलं. त्या काहीतरी ऐकत असल्यासारख्या दिसल्या.

"गाल तो मक्खन जैसे हैं," त्या विद्यार्थ्यांकडे वळून म्हणाल्या. "किसने गुटखा बोला?"

विद्यार्थी बाबांकडे बघायला लागले.

एक मोठं मशीन होतं, डोक्याभोवती फिरणारं. त्यात हनुवटी टेकवून मला उभं केलं. फोटो ओला असतानाच बाईंनी तो उजेडाच्या पेटीवर लावला आणि थोडा वेळ बघत राहिल्या. मग कपाटातून माणसाच्या खालच्या जबड्याचं हाड काढलं, पिवळट, दात अर्धे पडलेलं, आणि ते बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते दोन्ही हातांनी धरलं, प्रसाद धरतात तसं.

"ये देखिए," त्या म्हणाल्या. त्यांनी जे सांगितलं ते सोपं करून सांगायचं तर असं. खालच्या जबड्याचं हाड मागे वर चढतं आणि तिथे त्याला दोन टोकं असतात. मागचं टोक कानापाशी सांध्यात बसतं. पुढचं टोक मोकळं असतं, चपटं, गालाच्या हाडाच्या आतल्या बाजूला. तोंड उघडलं की ते खाली आणि पुढे सरकतं. सगळ्यांचं ते सारखं नसतं. कुणाचं आखूड, कुणाचं बाकदार, कुणाचं रुंद, आणि बहुतेकांना आयुष्यभर ते आहे हेही कळत नाही. माझं दोन्ही बाजूंनी वाढत गेलं होतं. वयात येताना हाडं वाढतात तेव्हा ते थांबलंच नाही. मी तोंड उघडायचो आणि ती दोन टोकं गालाच्या हाडाला आतून जाऊन टेकायची. बस. त्याच्या पुढे वाट नव्हती.

"इसने कभी कुछ नहीं खाया," बाई म्हणाल्या. "इसकी हड्डी ऐसी बनी है।"

बाबांनी विचारलं, "ऐसा होता है?"

"कम होता है। पर होता है।"

बाबा हातातल्या हाडावर अंगठा फिरवत राहिले, त्या पुढच्या टोकावर, पुन्हा पुन्हा. मग त्यांनी ते बाईंना परत दिलं आणि खिशातून रुमाल काढला. मला वाटलं हात पुसायला.

येताना मी स्कूटरवर बाबांच्या मागे बसलो. माझ्या मनात आनंद होता असं आज लिहिणं बरं दिसेल, पण तसं नव्हतं. मला फक्त वाटत होतं की ही बातमी मी घरी पोचायच्या आधी कुणीतरी काढून घेईल. घराचं वळण आलं आणि बाबांनी स्कूटर सरळ नेली. शहर संपलं, सिलतऱ्याच्या कारखान्यांची धुराडी दिसायला लागली, रस्त्याच्या कडेची झाडं काळपट झाली.

काकांनी दार उघडलं आणि आम्हाला बघून तिथेच उभे राहिले. बाबा म्हणाले, "त्याचं हाड वाढलं आहे. गुटख्याचं काही नाही."

"बरं झालं," काका म्हणाले.

"तू काहून बोलला तसा?"

काकांनी आम्हाला आत बोलावलं, स्टोव्हवर चहा ठेवला. ते चहा प्यायला लागले तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. ते कपातून पीत नव्हते, बशीतून, ओठ जेमतेम उघडून ओढत होते. तिथल्या पुडीतली शेव मी पुढे केली तर म्हणाले, झोंबते. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी कप खाली ठेवला आणि जे माझ्या बाबतीत केलं होतं तेच केलं. "तोंड उघड," ते म्हणाले. काका हसले, नाही नाही म्हणाले. बाबांनी त्यांचा हात धरला. काकांच्या तोंडात दीड बोट गेलं. ज्या रोगासाठी मी जवळजवळ वर्षभर सुया खाल्ल्या तो आमच्या घरात होताच. काकांच्या तोंडात कुणी बघितलं नव्हतं.

"चाल, घरी जेवाले," बाबा म्हणाले. माफी मागितली असेल तर ती एवढीच. माझी त्यांनी कधी मागितली नाही. मात्र त्यानंतर माझ्या कुठल्याही गोष्टीला त्यांनी खोटं म्हटलं नाही, जे खोटं होतं त्यालाही.

माझं ऑपरेशन नागपूरला झालं, कारण रायपुरात तेव्हा ते करायला कुणी तयार नव्हतं. भूल देण्यासाठी नळी घशात घालावी लागते, आणि माझं तोंड उघडत नाही म्हणून ती मी जागा असताना नाकातून घातली. मला सांगितलं होतं, हलायचं नाही, खोकायचं नाही, श्वास घेत राहायचा. हात बांधलेले होते. नळी आत उतरत होती आणि मला ओरडायचं होतं, आणि ओरडायला लागणारी सगळी जागा त्या दोन हाडांनी अडवून धरली होती. ते काही क्षण मी अजून कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. पुढचं आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा दोन्ही टोकं कापून काढलेली होती, तोंडाच्या आतूनच, बाहेर टाक्याची खूण नाही.

पण सांधा, स्नायू सगळे आखडून बसले होते. कापलं म्हणून तोंड आपोआप उघडत नाही, ते रोज ताणावं लागतं, नाहीतर पुन्हा बंद होतं. आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी पट्ट्या दातांमध्ये एकावर एक घालायच्या, धरून ठेवायच्या, आणखी एक सरकवायची. डोळ्यांसमोर अंधारी यायची. मी टाळाटाळ करायचो. तेव्हा काका आमच्याकडेच राहायला आले होते, गुटखा बंद करून. बाईंनी त्यांनाही इंजेक्शनं आणि पट्ट्या दिल्या होत्या. मग बाहेरच्या खोलीत आम्ही दोघं समोरासमोर पाट टाकून बसायचो, तोंडात पट्ट्या, लाळ गळतेय, बोलता येत नाही. आई दारातून बघायची आणि पदरानं तोंड झाकून हसायची. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसत होतं.

माझ्या पट्ट्या वाढत गेल्या. काकांच्या वाढल्या नाहीत. कडक झालेली कातडी मऊ होत नाही, फार तर आहे तिथे थांबते, असं बाईंनी आधीच सांगितलं होतं.

एके दिवशी पट्ट्या काढून आम्ही तोंड पुसत होतो तेव्हा मी विचारलं. मराठीतच विचारलं. "काका, तुम्ही काहून खोटं बोलले त्या दिवशी?"

ते पट्ट्या धूत राहिले. मग म्हणाले, "दादानं हात उचलला होता. अन् तुले नीट रडताही येऊन नव्हतं राहिलं. मले दुसरं काही सुचलं नाही."

"तुम्ही गप बसले असते तर लवकर कळलं असतं."

"हव," ते म्हणाले. "ते मले मागून समजलं. म्हणून आलो होतो तुझ्या शाळेजवळ, सांगाले. तू आत गेला."

मला त्यांचं म्हणणं पटलं होतं आणि रागही गेला नव्हता, आणि आज माझ्या कानशिलांवर पांढरे केस आहेत तरी दोन्ही तसंच आहे. काका बरीच वर्षं जगले. आई त्यांच्यासाठी भात वेगळा, मऊ शिजवायची आणि वरणात तिखट घालायची नाही. त्यांच्या ताटाशेजारी माझं ताट असायचं. ते चमच्यानं हळूहळू खायचे, आणि माझं आधी झालं तरी त्यांचं होईपर्यंत मी उठत नसे.